बियाण्याचा भोपळा

(दृश्य: भाजी बाजार, टोमॅटोच्या क्रेटची थप्पी)

ऑगस्ट २०२१. टोमॅटोचा भाव एवढा पडला की महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. जुलै २०२३ मध्ये त्याच टोमॅटोनं किलोला शंभरी ओलांडली. पिकवणाऱ्यानं लिलावात ऐकायचं, खाणाऱ्यानं हातगाडीवर. भाव ठरवणारा तिसराच कुणीतरी. गंमत म्हणजे एकरभर टोमॅटो लावणारं घरही पालेभाजी पुष्कळदा आठवडे बाजारातून आणतं.

(दृश्य: परसबाग, मांडवावर चढलेले वेल)

हे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातलं कोंभाळणे. राहीबाई पोपेरे यांचं गाव. त्या शाळेत गेल्या नाहीत. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, ती गावरान बियाणं जपल्याबद्दल.

बियाणं का जपायचं, दुकानात मिळतं की! मिळतं. पण पाकिटातलं बी बहुतेक वेळा संकरित असतं. पहिल्या वर्षी पीक झकास. त्याचंच बी धरून पुढच्या वर्षी लावलं, तर कुठलं फळ कसं निघेल याचा नेम नाही. म्हणजे पुन्हा पाकीट. परसात पिकवलं तरी दुकान सुटत नाही. शहरात गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या हे फारसं ध्यानात येत नाही.

गावरान वालाचं, घेवड्याचं बी मात्र घरचं घरी धरता येतं. भोपळ्याला जरा जपावं लागतं, कारण शेजारच्या वेलाचा पराग मधमाशी घेऊन येते. फळ वेलावरच पूर्ण पिकू द्यायचं. त्यातही सगळ्यांत जोमदार भोपळा बियाण्याला ठेवायचा, खायचा नाही. पोरांनी कितीही मागितला तरी.

(दृश्य: मडकी, राखेत कालवलेलं बी)

मग बी खडखडीत वाळवून राखेत कालवायचं. राख ओल शोषते, किडीलाही आवरते.

परसबागेवर अख्खं घर जगतं, असं कुणी सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही. तेल, मीठ, गहू दुकानातूनच येणार. उन्हाळ्यात पाणी आटलं की मोरीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ तेवढी तग धरते. मात्र पावसाळ्यात रोजच्या कोरड्यासाला भाजी विकत घ्यावी लागत नाही. घरच्या बाईच्या हिशेबात ही बचत लहान नाही.

राहीबाई बियाणं दुसऱ्यांनाही देतात. पैशांवर नाही, उसनं. पीक आलं की दुप्पट परत करायचं, म्हणजे पुढच्या दोन घरांची सोय होते.