लिंबू फुटल्याचा आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवर गाडीबद्दल बोलायचं म्हणजे पंचाईतच. रंग, उंची, दारांची ठेवण, सगळं मी सांगायचं आणि तुम्ही मनात रंगवायचं. पूर्वी निदान आवाज तरी ऐकवता आला असता. सेल्फ मारला, दोनदा रेस केली, की तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी घरबसल्या ओळखलं असतं, ही जीप, ही फियाट. आज ज्या गाडीबद्दल बोलणार आहे, ती मी इथे स्टुडिओत आणून चालू केली, तरी तुम्हाला वाटेल की केंद्रच बंद पडलं.

गाडी महिंद्रांची, नाव एक्सईव्ही नाइन ई. विजेवर चालणारी एसयूव्ही. 26 नोव्हेंबर 2024 ला चेन्नईत तिचं आणि तिच्या धाकट्या बहिणीचं, बीई सिक्सचं, एकत्र बारसं झालं. धाकटीचं बारसं तर दोनदा करावं लागलं! आधी नाव होतं बीई सिक्स ई. ‘सिक्स ई’ हा आमच्या विमानांचा कोड आहे, असं म्हणत इंडिगो विमान कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि महिन्याभराच्या आतच नावातला शेवटचा ‘ई’ गळाला. दोन्ही गाड्या बनतात मात्र आपल्या चाकणला.

फोटो मी शंभर वेळा पाहिले होते. प्रत्यक्ष पाहिली ती दसऱ्याला, नाशिकच्या एका शोरूममध्ये, आणि तीही मामांबरोबर. मामांची ओळख करून दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. माझे हे मामा चाळीस वर्षं पंचवटीत गॅरेज चालवत होते. आता गुडघे साथ देत नाहीत, गॅरेज बंद झालं, पण कान शाबूत आहेत. घरात जेवायला बसलेले असताना रस्त्यावरून जीप गेली, तर घास हातात धरून म्हणायचे, “टॅपेट वाजतायत रे याचे.” आणि दुसरी सवय म्हणजे दारात कुणाचीही गाडी येऊन थांबली, की आधी बॉनेटवर पालथा हात ठेवायचे. पाहुण्यांना ‘या, बसा’ नंतर. बॉनेट किती तापलंय त्यावरून गाडी कुठून आली आणि कशी हाणली, हे ते सांगत. एकदा माझ्या मावसभावाने “पुण्याहून आलो, पाच तास लागले” असं सांगितलं. मामांनी हात उचलला आणि म्हणाले, “साडेतीन.” भाऊ गप्प.

तर दसऱ्याची सकाळ. शोरूमला झेंडूची तोरणं, आत पेढ्यांचे बॉक्स, बाहेर ताबा घ्यायला आलेली कुटुंबं नव्या कपड्यांत. मध्यभागी ही गाडी, गडद रंगाची. पहिली गोष्ट जाणवली ती आकाराची. फोटोत मागे उतरत गेलेलं छप्पर बघून ती मला बुटकी, बसकी वाटली होती. जवळ उभा राहिलो तर लांबी चार मीटर 79 सेंटिमीटर आणि रुंदी एक मीटर 90 सेंटिमीटर. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ही उभी राहिली, तर ड्रायव्हरला बहुतेक डिकीतून उतरावं लागेल. पुढे दिव्यांची एकच रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि दोन्ही टोकांना खाली वळलेली. नाकावरचं बोधचिन्हसुद्धा उजळतं. मला ते सगळं जरा जास्तच वाटलं, नवरदेवाच्या फेट्यावर लायटिंग सोडावी तसं. शेजारी उभा असलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा मात्र डोळे विस्फारून बघत होता, त्यामुळे मी मत स्वतःपाशीच ठेवलं.

दाराला मामा हँडल शोधायला लागले. हँडल पत्र्यात सपाट बसवलेलं. शोरूममधल्या मुलीने किल्लीचं बटण दाबलं, तेव्हा ते बाहेर आलं. “लपाछपी खेळते का ही?” मामा म्हणाले. मुलगी हसली. तिने हवेच्या विरोधाचं कारण सांगितलं, आणि ते खरं आहे. विजेच्या गाडीत एकेक किलोमीटर वाचवायचा असतो, म्हणून छप्पर उतरतं करायचं, अंगावरचे उंचवटे काढायचे, हा सगळा वाऱ्याशी चाललेला व्यवहार.

मामांचं लक्ष पुढे. “बॉनेट उघड.” तिने उघडलं. श्रोतेहो, तो क्षण मी विसरणार नाही. मामा वाकले, आणि आत एक प्लास्टिकचा स्वच्छ टब! इंजिन नाही, रेडिएटरची टोपी नाही, डिपस्टिक नाही, कुठे तेलाचा ओघळ नाही. दीडशे लिटरची रिकामी जागा. “सामान ठेवायला, काका,” मुलगी म्हणाली. मामांनी आत हात फिरवला, बोटं नाकाशी नेऊन वास घेतला. कशाचाच वास नव्हता. मग त्यांनी हातातली कापडी पिशवी त्या टबात ठेवली, दोन पावलं मागे सरकून बघितली आणि परत उचलून घेतली.

“मग इंजिन मागे आहे?” आहे म्हणजे, मोटार मागे आहे आणि ती मागची चाकं फिरवते. मोठ्या बॅटरीच्या गाडीत तिची ताकद 286 अश्वशक्ती. बॅटरी खाली, पायांखालच्या फळीत सपाट पसरलेली. तिच्यात लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल असतात. निकेल-कोबाल्टच्या सेलपेक्षा वजनाला जड पडतात, पण तापले तरी सहजी भडकत नाहीत आणि जास्त वर्षं टिकतात. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला हेच बरे. बॅटरी खाली असल्याने एक तोटा होतो, तो जवळपास सगळ्याच विजेच्या गाड्यांत दिसतो. तळ वर येतो, त्यामुळे मागे बसलं की गुडघे किंचित वर राहतात. मामा मागे बसले आणि लगेच म्हणाले, “पाटावर बसल्यासारखं वाटतंय.” पण पाय पसरायला जागा भरपूर, आणि डिकी 663 लिटरची. लग्नाच्या आहेरासकट अख्खं कुटुंब मावेल.

पुढच्या सीटवर बसलो की समोर काचेचा पाट. सव्वाबारा इंचांचे तीन पडदे एका ओळीत, त्यातला एक फक्त शेजारी बसणाऱ्यासाठी. इथे माझं मन अडकलं, ते वेगळ्याच कारणाने. मी रेडिओचा माणूस. मला बटण हवं होतं, गोल, फिरवायचं. एसीला बटण हवं, रेडिओला बटण हवं, हे माझं जुनाट मत आहे आणि मी ते बदलणार नाही. चालत्या गाडीत नजर रस्त्यावर ठेवून बोटांना सापडते ती गोष्ट खरी सोयीची.

रेडिओवरून आठवलं. तुमच्यापैकी किती जणांनी लहानपणी मीडियम वेव्हवर पुणे केंद्र लावलंय? 792 किलोहर्ट्झ. पाऊस आला, वीज चमकली, की त्यात खरखर यायची. विजेच्या गाडीचं आणि मीडियम वेव्हचंही तसंच वाकडं आहे. बॅटरीतली वीज मोटारीला देण्यासाठी जो इन्व्हर्टर असतो, तो सेकंदाला हजारो वेळा प्रवाह जोडतो आणि तोडतो. त्यातून जो विद्युत-चुंबकीय गोंगाट निघतो, तो नेमका मीडियम वेव्हच्या पट्ट्यात जाऊन बसतो. म्हणून परदेशात काही कंपन्यांनी विजेच्या गाड्यांमधून तो पट्टाच काढून टाकला, आणि अमेरिकेत तो परत द्या म्हणून संसदेत विधेयक आलं. एफएमला हा त्रास फारसा नाही. त्यामुळे नाशिककरांनो, तुम्ही गाडीत बसून मला ऐकत असाल, तर काळजी नको.

मग मामांचा हुकमी प्रश्न आला. “टाकी केवढी?” मुलगी म्हणाली, “काका, 79 किलोवॅट-अवर.” मामांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मी म्हटलं, “मामा, 79 युनिट. आपल्या लाइट बिलावरचे असतात तेच.” लगेच डोळे चमकले. “म्हणजे आमच्या दोघांचं महिन्याचं बिल ही एका वेळेला पिते?” पिते. “आणि ॲव्हरेज?” कागदावर 656 किलोमीटर. ते चाचणीतलं. रोजच्या वापरात पाचशे धरा, म्हणजे युनिटला सहा-साडेसहा किलोमीटर. घरच्या मीटरवर युनिट दहा रुपयांचं धरलं, तर किलोमीटरला दीड रुपयाच्या आसपास. बाहेरच्या फास्ट चार्जरवर दर बराच चढतो, हेही लक्षात ठेवायचं. तसा दणकट चार्जर मिळाला तर 20 टक्क्यांवरून 80 वर यायला 20 मिनिटं लागतात, असं कंपनी सांगते. घरी सात किलोवॅटच्या चार्जरवर पूर्ण भरायला पावणेबारा तास. संध्याकाळी लावायची, सकाळी काढायची, मोबाइलसारखी.

पण लावायची कुठे? किंमत, पिकअप, पडदे यांवर बोलणारे खूप भेटले, खरी चर्चा मात्र शोरूमच्या दाराशी चहा पिताना झाली. चौघांपैकी तिघे फ्लॅटमध्ये राहणारे. एकाची गाडी पार्किंगच्या एका टोकाला आणि मीटरची खोली दुसऱ्या टोकाला. केबल कुणाच्या जागेतून न्यायची यावर सोसायटीच्या दोन मीटिंगा झाल्या. महावितरणकडून गाडीसाठी वेगळा मीटर घेता येतो, ही सोय आहे, पण चेअरमनच्या सहीचा कागद तर लागतोच ना. दुसऱ्याच्या सोसायटीत “तुमच्या गाडीने बिल्डिंगची वीज गेली तर?” असा प्रश्न विचारला गेला. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या घरात तीन एसी आहेत, हे सांगताना त्या गृहस्थांचा आवाज बराच चढला होता. बंगलेवाले चौथे गृहस्थ शांतपणे चहा पीत होते. माझं मत विचाराल, तर ही गाडी घ्यायची की नाही हे शोरूममध्ये ठरतच नाही. आपल्या पार्किंगमध्ये जाऊन उभं राहायचं आणि भिंतीकडे बघायचं.

किमतीचंही सांगून टाकतो. बाजारात आली तेव्हा 21 लाख 90 हजारांपासून साडेतीस लाखांपर्यंत, एक्स-शोरूम. चार्जरचे पैसे वेगळे. मामांनी आकडा ऐकला आणि विषय बदलला. तरी 14 फेब्रुवारी 2025 ला बुकिंग उघडलं, तेव्हा दोन्ही बहिणींना मिळून पहिल्याच दिवशी 30,179 मागण्या आल्या होत्या. आणि आता महाराष्ट्राच्या 2025 च्या धोरणाने अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धी या तिन्हींवर विजेच्या मोटारींना टोल माफ केलाय, तेव्हा समृद्धीवरून सारखं ये-जा करणाऱ्या नाशिककराच्या तोंडाला पाणी सुटलं तर नवल नाही.

एवढ्यात बाहेर गलका झाला. एका कुटुंबाला याच गाडीचा ताबा मिळत होता. हिरव्या नंबरप्लेटवर पांढरी अक्षरं, त्याखाली झेंडूचा हार. आजींनी हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, पुढच्या दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली. मुलगा गाडीत बसला. सगळे थांबले. एरवी इथे सेल्फ लागतो, इंजिन घुरघुरतं, टाळ्या वाजतात. इथे कुणाला कळेचना की गाडी चालू झाली की नाही. आणि त्या शांततेत चाक हललं, आणि आवाज आला. फच्च. मग दुसऱ्या बाजूने, फच्च. इतक्या वर्षांत इतक्या गाड्यांच्या पूजा पाहिल्या, पण चाकाखाली लिंबू फुटल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तेवढाच आवाज मला इथे आणता आला असता तर!

या गाडीतल्या सूचनांचे ध्वनी ए. आर. रहमान यांनी बांधलेत. ते सुरेल आहेत, यात शंका नाही. युरोपात विजेच्या गाड्यांनी ताशी 20 किलोमीटरच्या आत असताना मुद्दाम आवाज काढला पाहिजे, असा नियम आहे. नव्या मॉडेलना 2019 पासून आणि सगळ्याच नव्या गाड्यांना 2021 पासून. पायी चालणाऱ्याला, विशेषतः अंध माणसाला, कळावं म्हणून. आपण रस्ता ओलांडताना डोळ्यांपेक्षा कानांवर किती विसंबतो, ते असल्या गाडीसमोर उभं राहिल्यावरच कळतं.

शेवटी आम्हीही एक फेरी मारली. मुलीने चालवली. मामा पुढे, मी मागे त्या पाटावर. गंगापूर रोडला रस्ता मोकळा मिळाला, तिने पाय दाबला आणि मामांनी दाराचा दांडा पकडला. गिअर बदलल्याचा झटका नाही, दम घेणं नाही, नुसता पाठीला रेटा. पाय काढल्याबरोबर गाडी आपोआप हळू झाली, तेव्हा मामांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की आता मोटार उलट काम करतेय, बॅटरी भरतेय. “डायनॅमो!” ते म्हणाले. सबंध सकाळीत पहिल्यांदा त्यांना ओळखीचं कुणी भेटलं होतं. मग कसारा घाट उतरताना किती वीज परत मिळेल, याचा हिशेब त्यांनी शोरूम येईपर्यंत केला.

घरी पोचलो. मामींनी पाणी आणलं, सोनं दिलं आणि विचारलं, “कशी आहे हो गाडी?”

मामांनी आपट्याचं पान खिशात ठेवलं. म्हणाले, “फिरून आल्यावर हात लावून बघितला. बॉनेट गारच होतं.”

नमस्कार.