दोन मात्रांच्या मधली जागा

मित्रहो, बोलायला सुरुवात करण्याआधी एक करून बघू. डावा हात मांडीवर ठेवा आणि सावकाश चार मात्रा द्या. एक, दोन, तीन, चार. थांबू नका. आता दोन मात्रांच्या बरोबर मध्ये तोंडानं 'स्क' म्हणा. एक-स्क-दोन-स्क-तीन-स्क-चार-स्क. लय थोडी वाढवा. मागच्या रांगेत माना हलायला लागल्यात, मला इथून दिसतंय. आता हात थांबवा, फक्त 'स्क' चालू ठेवा. मात्रा बंद झाली, तरी ती आत ऐकू येतेय ना?

हेच स्का, जमैकाचं नाचाचं संगीत. भजनाला बसलो की आपली टाळी मात्रेवर पडते. स्कामध्ये गिटार मात्रेवर गप्प असते आणि मधल्या फटीत वाजते. वादक तारा छेडतो आणि लगेच बोटं सैल सोडून तो आवाज तोडतो, म्हणून झणकार न राहता नुसता एक कोरडा फटका ऐकू येतो. पियानोही त्याच जागी पडतो. बास मात्र रस्त्यानं चालणाऱ्या माणसासारखा एकेक पाऊल टाकत जातो. आणि या सगळ्याच्या वर ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन. माझं मत असं की, या संगीताची सगळी ओढ त्या मोकळ्या मात्रेत आहे. गिटार ती मात्रा देत नाही, म्हणून ऐकणाऱ्याचं शरीर देतं. आत्ता तुम्ही दिलीत. नाव कुठून आलं याच्या दोन-तीन कथा आहेत, पण 'स्का' हा गिटारच्या त्या फटक्याचाच उच्चार, ही मला सगळ्यात पटणारी.

आता जमैकात जाऊ. किंग्स्टन शहर, 1950 चं दशक. देश अजून ब्रिटिशांच्या ताब्यात. पॉश हॉटेलांत वाद्यवृंद वाजायचे, पण त्यांचं तिकीट वस्तीतल्या माणसाला परवडणारं नव्हतं. त्याच्यासाठी होत्या 'साउंड सिस्टिम'. मोकळ्या अंगणात कपाटाएवढे लाकडी स्पीकर लावायचे, अ‍ॅम्प्लिफायर, एक टर्नटेबल, आणि रात्रभर नाच. गणपतीच्या मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती आपण पाहिल्यात, त्यामुळे दृश्य डोळ्यांसमोर आणायला अवघड नाही. अंगणाच्या दाराशी माफक पैसे आणि आत दारूची विक्री, हा त्यांचा धंदा. ड्यूक रीड हा पोलिसातून बाहेर पडलेला दारू दुकानदार. क्लेमेंट डॉड त्याचा प्रतिस्पर्धी. डॉडला सगळे 'कॉक्सन' म्हणायचे, कारण शाळेत तो क्रिकेट चांगलं खेळायचा आणि यॉर्कशायरच्या अ‍ॅलेक कॉक्सनचं नाव मुलांनी त्याला चिकटवलं होतं.

वाजायचं काय? अमेरिकन रिदम अँड ब्लूज. न्यू ऑर्लिन्सचा फॅट्स डॉमिनो, लुई जॉर्डन, रॉस्को गॉर्डन. ज्याच्याकडे दुसऱ्या कुणाकडे नसलेली तबकडी, त्याच्या अंगणात गर्दी. म्हणून डॉड अमेरिकेतून रेकॉर्डी आणायचा आणि वरचं लेबल खरवडून काढायचा. गायक कोण, गाणं कोणतं, कुणाला कळू नये. विलिस जॅक्सन नावाच्या सॅक्सोफोनवादकाची एक तबकडी त्यानं अशीच स्वतःच्या नावानं, 'कॉक्सन हॉप' म्हणून, कित्येक वर्षं वाजवली. ती त्याची खूणच झाली होती. मग एका रात्री ड्यूक रीडच्या नाचाला डॉड स्वतः गेला असताना, समोरच्या स्पीकरमधून तीच रेकॉर्ड सुरू झाली. रीडनं तिचा खरा पत्ता शोधून काढला होता. पुढे गायक आणि निर्माता म्हणून गाजलेला प्रिन्स बस्टर तेव्हा डॉडसोबत होता. डॉडला भोवळ आली, त्याला धरून उभं करावं लागलं, ही आठवण बस्टरनं पुढे सांगितली आहे. एका तबकडीसाठी! पण त्या तबकडीवर त्याचं घर चालत होतं, हे लक्षात घ्या.

आणि मग अमेरिकेतून येणारा मालच आटला. तिकडची चव बदलली, रॉक अँड रोल आलं, आणि किंग्स्टनच्या अंगणांना हवा असलेला तो भारी, झुलता ठेका नव्या रेकॉर्डींत मिळेना. तेव्हा या मंडळींनी ठरवलं की आपणच वादक बसवू आणि आपणच ध्वनिमुद्रण करू. सुरुवातीला ती नक्कल होती. पण न्यू ऑर्लिन्सच्या त्या ठेक्यात मात्रेच्या मागचा जो हलका झोका असतो, त्यावर जमैकन हात जास्त जास्त जोर देऊ लागले. 1959 मध्ये बाहेर आलेल्या थिओफिलस बेकफर्डच्या 'ईझी स्नॅपिन'मध्ये पियानो त्या झोक्यावर रेंगाळताना ऐकू येतो. त्यात जमैकाच्या जुन्या मेंटो लोकसंगीतातलं बॅन्जोचं छेडणं मिसळलं. 1960 च्या सुमारास प्रिन्स बस्टरनं आणखी एक धाडस केलं. शिष्ट समाज ज्यांना दारात उभं करत नव्हता, त्या रास्ताफारी पंथाच्या लोकांचे ढोल, काउंट ऑसी आणि त्याचे साथीदार, त्यानं डोंगरावरून खाली आणले आणि फोक्स बंधूंच्या 'ओह कॅरोलिना'मागे वाजवले.

वादक कुठून आले, हा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. किंग्स्टनमध्ये 'अल्फा' नावाची मुलांची शाळा होती. सिस्टर्स ऑफ मर्सी या कॅथलिक जोगिणी ती चालवायच्या. अनाथ मुलं, आईबापांना न आवरणारी मुलं तिथे यायची. छपाई, शिवणकाम, बागकाम शिकायची, आणि शाळेच्या बँडमध्ये वाद्यं. तिथल्या सिस्टर मेरी इग्नेशियस 1939 मध्ये शाळेत आल्या आणि 2003 मध्ये वारल्या. मधली सगळी वर्षं त्या मुलांसोबत. त्या रेकॉर्डी विकत घ्यायच्या, साउंड सिस्टिमही घेतली, आणि मुलांसाठी स्वतः तबकड्या लावायच्या. जोगिणीच्या वेशातली बाई टर्नटेबलवर वाकलेली आणि समोर पंचवीस-तीस मुलं कान टवकारून बसलेली, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. गोव्याच्या चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकून मुंबईच्या जॅझ बँडांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत आलेले वादक आपल्याला माहीत आहेत. एखाद्या शहराचं संगीत कधीकधी अशा एका वर्गखोलीतून निघतं.

डॉन ड्रमंड, टॉमी मॅकूक, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग हे चौघंही अल्फाची मुलं. त्यांनी आणि इतर काही जणांनी 1964 मध्ये 'द स्कॅटलाइट्स' हा वृंद उभा केला. तो जेमतेम चौदा महिने टिकला, पण त्या काळातल्या असंख्य रेकॉर्डींमागे त्यांचेच हात आहेत. 6 ऑगस्ट 1962 ला जमैका स्वतंत्र झाला होता, आणि त्या उत्साहाचा आवाज हाच. 1964 मध्ये मिली स्मॉल या जमैकन मुलीचं 'माय बॉय लॉलिपॉप' इंग्लंड-अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात सरकारनं स्का पाठवली, पण साथीला नेला तो उच्चभ्रू वस्तीतल्या बायरन ली यांचा बँड. ज्यांनी ही गोष्ट घडवली, ते स्कॅटलाइट्स घरीच राहिले. हे मला आजही लागतं.

ड्रमंडचा ट्रॉम्बोन ऐकलात तर कळेल की नाचाच्या ठेक्यावर इतका उदास सूर लावता येतो. पण त्याच्याबद्दल बोलताना एक नाव वगळता येत नाही. अनिता महफूद, नर्तकी आणि गायिका, मार्गारिटा या नावानं ओळखली जाणारी. 1965 च्या जानेवारीच्या सुरुवातीला ड्रमंडनं तिचा खून केला. न्यायालयानं त्याला मनोरुग्ण ठरवलं आणि 1969 मध्ये तो बेलव्ह्यू मनोरुग्णालयात वारला. 'वेडा प्रतिभावंत' म्हणून ही गोष्ट रंगवून सांगायची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. मेली ती एक कलावती होती.

1966 पर्यंत ठेका संथावला, रॉकस्टेडी आलं, मग रेगे. ती वाट आज घेत नाही, कारण मला तुम्हाला अल्फाच्या आणखी एका मुलाकडे न्यायचंय.

रिको रॉड्रिग्ज. हवानात जन्मलेला, किंग्स्टनमध्ये वाढलेला. शाळेत त्याला ट्रॉम्बोन शिकवला तो वरच्या वर्गातल्या ड्रमंडनं. पुढे तो काउंट ऑसीच्या डोंगरावरच्या वस्तीत राहिला आणि 1961 च्या अखेरीस इंग्लंडला गेला. तिथे वाजवणं चालू होतं, पण पोटासाठी मजुरीही करावी लागली. 1967 मध्ये डँडी लिव्हिंगस्टननं लंडनमध्ये 'रूडी, अ मेसेज टू यू' हे गाणं केलं. वस्तीतल्या दांडगट पोराला, बाबा रे, जरा पुढचा विचार कर, असं समजावणारं. त्यावर ट्रॉम्बोन रिकोचा.

बारा वर्षांनी, 1979 मध्ये, इंग्लंडमधलं मोटारींचं गाव कॉव्हेंट्री. कारखाने माणसं कमी करतायत, वंशद्वेष्टे मोर्चे निघतायत. तिथल्या काळ्या आणि गोऱ्या पोरांनी मिळून 'द स्पेशल्स' हा बँड आधीच काढला होता. त्यांच्या जेरी डॅमर्सनं त्या वर्षी 'टू-टोन' ही रेकॉर्ड कंपनी सुरू केली, आणि काळ्या-पांढऱ्या चौकटी हीच तिची निशाणी. वडलांच्या, शेजाऱ्यांच्या घरातल्या जुन्या स्का रेकॉर्डींतली गाणी त्यांनी पंक या धडाकेबाज रॉकच्या वेगानं वाजवली. डँडीचं ते गाणं करायचं ठरलं तेव्हा त्यांनी ट्रॉम्बोनला बोलावलं कुणाला? रिकोलाच. तो तेव्हा पंचेचाळिशीत होता, पोरं विशीतली. दोन वर्षांनी 1981 च्या उन्हाळ्यात, इंग्लंडमधल्या शहरांत दंगली पेटलेल्या असताना, ओस पडलेल्या गावावरचं त्यांचं 'घोस्ट टाउन' पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यातही रिकोचा ट्रॉम्बोन आहे.

माझ्याकडे त्या एकाच गाण्याच्या दोन्ही तबकड्या आहेत. आधी 1967 ची लावतो, मग लगेच 1979 ची. मात्रा तुम्ही द्या, हात मांडीवरच ठेवा, आणि ट्रॉम्बोन सुरू झाला की कान तिकडे. दोन्हीकडे तोच माणूस वाजवतोय.