पिशवी न काढता

(दृश्य : कॅथलॅब, नळीने उपचार करायची खोली. टेबलावर पसरलेला डावा हात, मनगटावर बीटाडिन लावणारी नर्स.)

ताईंची एकच अट होती, चेहरा दिसता कामा नये. म्हणून हा फक्त हात. ताई जाग्या आहेत, डॉक्टरांशी बोलतायत. भूल दिलीय ती मनगटाच्या एवढ्याशा जागेला.

गर्भाशयात आठ सेंटिमीटरची गाठ, फायब्रॉइड. कॅन्सरची नाही. पण पाळीत रक्त इतकं जायचं की हिमोग्लोबिन सातवर आलं. दाखवलं तिथे उत्तर तेच: मुलं झालीत ना, मग पिशवी काढून टाका. आज पिशवी न काढता, मनगटातून नळी घालून गाठीचं रक्त तोडायचंय.

(दृश्य : सुई, तार, नळी. अगदी जवळून.)

सुई धमनीत गेली. रक्त उसळलं, म्हणजे जागा बरोबर. आता सुईतून आत सरकतेय ती तार. सुई बाहेर आली, तार तिथेच राहिली, आणि तारेवरून नळी आत. पुन्हा बघा, हळू गतीत. एवढ्याशा हातचलाखीवर या शाखेचा, एक्स-रे बघत नळीतून उपचार करणाऱ्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीचा, सगळा डोलारा उभा आहे. १९५३ साली स्टॉकहोमच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी ती मांडली. तोवर जाड नळी आत घालायची तर जाड सुई तरी टोचा, नाहीतर धमनी कापून उघडी करा.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

हे चार्ल्स डॉटर. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे रेडिओलॉजिस्ट. काम एक्स-रे वाचायचं, हात मात्र स्वस्थ बसत नसत. १९६४च्या जानेवारीत त्यांच्याकडे ८२ वर्षांच्या एक बाई आल्या. मांडीतली धमनी अरुंद झालेली, पाऊल सडायला लागलेलं. सर्जन म्हणाले, पाय कापू. बाई म्हणाल्या, नाही. डॉटरनी त्या अरुंद जागेतून तार घातली, तारेवरून एकावर एक जाड होत जाणाऱ्या नळ्या, आणि वाट मोकळी केली. पाय वाचला. सहकारी त्यांना ‘क्रेझी चार्ली’ म्हणत. फोटोतलं हसू बघितलं की का म्हणत असतील ते कळतं.

(दृश्य : पुन्हा कॅथलॅब. शिशाचे एप्रन, पायाखालचं पेडल, मोठा मॉनिटर.)

डॉक्टरांचा पाय पेडलवर पडला की एक्स-रे सुरू, उचलला की बंद. मनगटातून निघालेली नळी दंड, खांदा ओलांडून मुख्य महाधमनीत उतरते. तिथून खाली ओटीपोटात. पडद्यावर नळी दिसते, धमन्या मात्र दिसत नाहीत. त्यासाठी डाय, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं औषध.

“ताई, आत गरम वाटेल. हलू नका, श्वास रोखा.”

(दृश्य : मॉनिटर, पूर्ण चौकट. निवेदनात विराम.)

हाडं कुठे गेली? मशीनने आधी डाय नसलेलं चित्र घेतलं, मग डाय सोडल्यावरचं, आणि दुसऱ्यातून पहिलं वजा केलं. उरल्या फक्त रक्तवाहिन्या. ही नागमोडी गेलीय ती गर्भाशयाची धमनी, आणि टोकाला दाटलेला काळा झुपका म्हणजे गाठ. वर्षानुवर्षं ताईंच्या रक्तावर पोसलेली.

आता आधीच्या नळीतून आणखी एक, मिलिमीटरपेक्षाही बारीक. तिच्यातून वाळूएवढे कण, डायमध्ये कालवलेले, अगदी सावकाश सोडले जातात. डॉक्टरांची नजर सिरिंजवर नाही, पडद्यावर आहे. डायचा वेग मंदावतोय... थांबला. झुपका पुसला गेला. गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी रक्त येतं, म्हणून दुसऱ्या बाजूलाही हेच. गाठीची रसद तुटते. गर्भाशय आजूबाजूच्या वाहिन्यांवर तगून राहतं.

ही युक्ती सुचली कशी, तेही गमतीचं आहे. पॅरिसमध्ये जाक राविना हे स्त्रीरोगतज्ज्ञ ऑपरेशनमधला रक्तस्राव कमी व्हावा म्हणून आधी गाठीची धमनी बंद करून घेत. मग ऑपरेशनची वाट बघणाऱ्या काही बायकांचा त्रासच थांबला. ऑपरेशनची गरज उरली नाही. १९९५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. नीट वाचा, स्त्रीरोगतज्ज्ञाने.

(दृश्य : संग्रहित. उसाचा फड, बैलगाड्या.)

२०१९ साली राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी केली. तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. सगळ्यांना गाठीच होत्या असं नाही, आणि प्रत्येकीला ही नळी चालली असती असंही नाही. पण पिशवी काढणं आपल्याकडे किती सहज झालंय, ते या आकड्यात दिसतं.

(दृश्य : मनगटावर घट्ट बसवलेला पट्टा. वॉर्ड.)

टाका एकही नाही. रात्री पोटात जोराची कळ येते, वेदनाशामकं लागतात, काहींना ताप येतो. गाठ काही महिन्यांत आकसते, नाहीशी होतेच असं नाही. काही जणींवर पुढे पुन्हा उपचार करावे लागतात. मूल हवं असेल तर बहुतेक वेळा फक्त गाठ काढण्याचा पर्याय आधी बघतात.

(दृश्य : रुग्णालयाचा कॉरिडॉर, विभागांच्या पाट्या.)

स्त्रीरोग विभाग पहिल्या मजल्यावर. हे काम चालतं ते तळघरात, रेडिओलॉजीत, जिथे लोक सोनोग्राफीसाठी रांग लावतात. वरून खाली चिठ्ठी आली तरच पेशंट इथवर पोचतो. ताईंना चिठ्ठी मिळाली नव्हती. त्यांच्या भाचीने फोनवर शोधलं आणि ताई रिपोर्टची पिशवी घेऊन थेट खाली आल्या.