फोर्ड मॉडेल टी: आधी गाडी वाचा

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, वाड्याच्या पडवीत किंवा भंगाराच्या गोदामात एखादी टी-मॉडेल सापडली की माणूस आधी पाना हातात घेतो. गाडीचं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. गंज काही पळून जात नाही. पण कुठला स्क्रू कुठे होता, कुठल्या कंसाखाली कुठली पट्टी होती, जुन्या काळ्या रंगाखाली दुसरा रंग होता का, ही माहिती गाडी एकदाच देते. म्हणून पहिला आठवडा फक्त कॅमेरा, टॉर्च, वही आणि तारेचा मऊ ब्रश.

टी-मॉडेल १९०८च्या शरद ऋतूत बाजारात आली. मे १९२७मध्ये दीड कोटीवी गाडी बाहेर पडली. लोक म्हणतात, एवढ्या बनल्या म्हणजे सगळ्या सारख्याच. तसं नाही. एकोणीस वर्षांत फोर्डने न बदललेला भाग शोधावा लागतो. इंजिनचा मूळ आराखडा मात्र तोच राहिला: पावणेचार इंच बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, चार इंच स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव, १७७ घन इंच, २० अश्वशक्ती.

ओळख पटवायची सुरुवात इंजिन क्रमांकापासून. इंजिनच्या डाव्या बाजूला, पाणी आत येण्याच्या तोंडाच्या वर, एका सपाट जागेवर तो ठोकलेला असतो. बहुतेक काळ हाच गाडीचाही क्रमांक होता. चॅसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी चौकटीवर, तो अगदी शेवटच्या वर्षांत आला. शिवाय बऱ्याच ब्लॉकवर, म्हणजे इंजिनच्या ओतीव मुख्य भागावर, ओतकामाची तारीख उठावात असते. ती अमेरिकन पद्धतीची, महिना आधी. ‘४-१२-२३’ म्हणजे १२ एप्रिल. आपल्याकडे पुष्कळजण ती ४ डिसेंबर वाचतात आणि आठ महिन्यांनी चुकतात. आधी ओतकामाची तारीख, मग क्रमांक ठोकल्याची, मग गाडी जोडल्याची, असा क्रम लागला पाहिजे. क्रमांक ओतकामाच्या आधीचा निघाला तर ब्लॉक बदललेला आहे. बदलीचे ब्लॉक कोरे यायचे आणि जुना क्रमांक त्यावर पुन्हा ठोकला जायचा, त्यामुळे यात फसवणूकच असेल असं नाही. टी-मॉडेलची इंजिनं फोर्डने १९४१पर्यंत बनवली, हेही लक्षात असू द्या.

आता आपल्या देशाशी थेट संबंध असलेली गोष्ट. ब्रिटिश साम्राज्यातल्या बहुतेक देशांना, म्हणजे भारतालाही, टी-मॉडेल पुरवायची ती फोर्डची कॅनडाची कंपनी. १९२६ साली मुंबईत स्थापन झालेली फोर्ड इंडियाही तिचीच उपकंपनी. त्यामुळे इथे सापडणारी उजव्या स्टिअरिंगची गाडी बहुधा कॅनडाची असते. कॅनडाच्या इंजिनांची क्रमांकमालिका वेगळी, क्रमांकाच्या आधी ‘सी’. हा ‘सी’ न पाहता अमेरिकन तक्त्यात आकडा शोधला की वर्ष साफ चुकतं.

दुसरा पुरावा लाकडात मिळतो. बॉडीच्या सांगाड्यात चौकोनी खाचेचे स्क्रू दिसले तर ते रॉबर्टसन स्क्रू, कॅनडातच शोधलेले, आणि तिथल्या टी-मॉडेलच्या बॉडीत शेकड्यांनी वापरलेले. ते काढायला चौकोनी टोकाचाच स्क्रूड्रायव्हर घ्या. चपट्या टोकाने जोर केलात तर खाच जाते, लाकूड फाटतं आणि पुरावाही जातो. तिसरा पुरावा दरवाजांचा. अमेरिकन टूरर, म्हणजे कापडी हुडाच्या उघड्या गाडीत, १९१२पासून अनेक वर्षं चालकाच्या बाजूचा पुढचा दरवाजा नुसता दाबून उठवलेला, न उघडणारा असायचा. कॅनडाच्या टूररला पुढचे दोन्ही दरवाजे उघडतात. म्हणून अमेरिकेहून पूर्ण बॉडी मागवून उजव्या स्टिअरिंगच्या गाडीवर बसवण्याचा बेत करू नका. फायरवॉलपासून, म्हणजे इंजिन आणि बैठकीमधल्या आडभिंतीपासून, दरवाजांपर्यंत काहीच जुळत नाही.

पितळी रेडिएटर १९१६च्या मॉडेलपर्यंत. १९१७च्या मॉडेलपासून कवच काळं. पुढचे दिवे ॲसिटिलीन वायूवरून विजेवर गेले १९१५च्या सुमारास, इलेक्ट्रिक स्टार्टर आला १९१९मध्ये. फक्त काळा रंग १९१४ ते १९२५. त्याआधी हिरव्या, निळ्या, लाल, करड्या गाड्या होत्या. १९२२च्या गाडीला पितळी रेडिएटर लावून चकाकवलेली दिसली की वाईट वाटतं. तो भाग कुठल्या तरी दुसऱ्या गाडीला हवा होता.

अस्सलपणाला आता कायद्याचंही वजन आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेल्या खासगी गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरात आणता येत नाही. मूळ इंजिन काढून जीपचं इंजिन बसवलं असेल तर इथेच अडतं.

आता सुटे भाग. फोर्डच्या प्रत्येक भागाला दोन क्रमांक असत: कारखान्याच्या ड्रॉइंगचा ‘टी’ने सुरू होणारा आणि विक्रीच्या दरपत्रकातला चार आकडी. विक्रेते आजही दरपत्रकाच्याच क्रमांकाने माल देतात. ‘मागच्या एक्सलची चकती’ लिहिलंत तर काहीही येईल. २५२८ लिहिलंत तर नेमकी थ्रस्ट वॉशर, म्हणजे बाजूचा दाब सोसणारी चकती, येते. आपल्या वर्षाच्या दरपत्रकाची प्रत आधी मिळवा. ड्रॉइंगच हवं असेल, तर अमेरिकेत डिअरबॉर्नच्या ‘द हेन्री फोर्ड’ संग्रहालयाच्या बेन्सन फोर्ड संशोधन केंद्राकडे विचारणा करता येते.

इंजिन आणि एक्सलचे बहुतेक भाग आजही नवे बनतात. खरी ओढाताण होते ती कॅनडाच्या बॉडीचे बिजागर, उजव्या स्टिअरिंगचे ब्रॅकेट, हुडाच्या कमानींचे सांधे यांची. हे भाग ऑस्ट्रेलियातल्या संग्राहकांकडे शोधा, कारण तिकडेही कॅनडाच्याच गाड्या गेल्या. मुंबईच्या चोर बाजारात दिवे, हॉर्न, कधी कॉइलची लाकडी पेटी मिळते. दिवा हातात घेतलात की आतली बाजू पाहा. जुन्या पत्र्याला डाग दिलेल्या, म्हणजे सोल्डर केलेल्या, जागी जुनाट करडेपणा असतो. नव्या नकलेत बाहेरून मुद्दाम डाग पाडलेले असतात आणि आतून पितळ कोरं करकरीत.

आट्यांबद्दल मात्र सावकाश ऐका, कारण आपल्याकडे सर्वाधिक ब्लॉक आणि हेड (ब्लॉकवरचं झाकण) इथे बिघडतात. टी-मॉडेलच्या स्पार्क प्लगचे आटे अर्धा इंची अमेरिकन निमुळत्या पाईपचे, म्हणजे एनपीटी. आपल्या नळकामाच्या दुकानात मिळतो तो ब्रिटिश पाईपचा, म्हणजे बीएसपी. अर्ध्या इंचात दोन्हींचे इंचाला १४च आटे, म्हणून टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, सुरुवातीला छान लागतो. पण एनपीटीचा कोन ६० अंश, बीएसपीचा ५५, व्यासही थोडा वेगळा. बीएसपीचा टॅप फिरवलात की हेडचे आटे कायमचे गेले. प्लग बसल्यासारखा वाटेल आणि कॉम्प्रेशन गळत राहील. बोल्टांतही असाच एक सापळा आहे. अर्धा इंची अमेरिकन जाड आट्याला इंचाला १३, आपल्या जुन्या व्हिटवर्थला १२. दोन फेरे हाताने फिरून नट अडकला तर पाना लावू नका. आटे मोजायचा गेज लावा.

आता मागचा एक्सल. या गाडीत आधी काय उघडायचं असं कुणी विचारलं, तर इंजिनाच्याही आधी हे. डिफरेन्शियलच्या, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या, दोन्ही बाजूंना, पोलादी चकत्यांच्या मध्ये, बॅबिटच्या म्हणजे व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूच्या थ्रस्ट वॉशर असतात. शंभर वर्षांत त्या ठिसूळ होतात आणि एक दिवस तुकडे होऊन पडतात. मग क्राउन व्हील, म्हणजे एक्सलचं मोठं दातेरी चाक, बाजूला सरकतं, त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनचा दात सुटतो आणि इंजिन नुसतं फिरतं. पण धोका त्याच्या पुढचा आहे. टी-मॉडेलचा पायाचा ब्रेक चाकांवर नाही, तो गिअरबॉक्समधल्या ड्रमवर लागतो आणि त्याच शाफ्टमधून चाकांपर्यंत पोहोचतो. पिनियन सुटला की पायाचा ब्रेकही गेला, इंजिनचा रोधही गेला. उरतो मागच्या चाकांचा हँडब्रेक. त्याचे छोटे ब्रेक शू उभ्या गाडीला धरतात, घाट उतरणाऱ्या गाडीला धरतीलच असं नाही.

तपासणीसाठी एक्सलचं तेल एका ट्रेमध्ये काढा. करड्या चमकदार कणी दिसल्या आणि लोहचुंबकाला चिकटल्या नाहीत, तर ते बॅबिट. पण तेल स्वच्छ निघालं म्हणून वॉशर चांगल्या आहेत असं समजू नका, एक्सल उघडायचाच. एक्सलची घरं, म्हणजे बाहेरची कवचं, पूर्ण धुवा, कारण उरलेली एखादी कणी रोलर बेअरिंगमध्ये जाते. कांस्याच्या नव्या वॉशर बसवा, पोलादी चकत्यांना धरणाऱ्या पिना तुटलेल्या नाहीत ना ते पाहा, आणि पिनियन व क्राउन व्हील हाताने पूर्ण फेरा फिरवून मोकळीक तपासा. एखाद्या जागी जाम होत असेल तर तशीच जोडू नका. जोडल्यावर मागच्या हबचे नट पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा आवळा. हब निमुळत्या टोकावर बसलेला असतो; ढिला राहिला तर चावी कापली जाते.

इंजिनातही व्हाइट मेटलच. क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याला, तीन मुख्य बेअरिंग. जर्नलशी, म्हणजे दांड्याच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाशी, फट सुमारे दीड थाऊ, म्हणजे इंचाच्या दीड हजारांश. मेटल ओतणारे कारागीर आपल्याकडे अजून आहेत. टर्बाइनची आणि जहाजाच्या इंजिनांची कामं करणारे शोधा. त्यांना एक सांगावं लागतं: कनेक्टिंग रॉडला आधी कथलाचा हात द्यायचा असतो, पण फोर्डच्या ब्लॉकमध्ये मेटल ओतीव लोखंडाला चिकटत नाही, ते छिद्रांतून धरून राहतं आणि ओतल्यावर ठोकून बसवावं लागतं. ओतायची वेळ ओळखायला कोरड्या लाकडाची काडी बुडवतात: करपली पण पेटली नाही तर बरोबर. त्याआधी क्रँकची चुंबकीय चाचणी करून घ्या. तडा असेल तर त्यावर केलेलं सगळं काम वाया जातं. जुन्या व्हॉल्व्हांची टोपी ओतीव लोखंडाची आणि दांडा पोलादाचा असतो. टोपी सुटून पिस्टनवर पडते. ते पुन्हा वापरू नका, एकसंध व्हॉल्व्ह घ्या.

मागच्या मुख्य बेअरिंगची कड झिजली की क्रँक पुढेमागे सरकतो. फ्लायव्हीलवर मॅग्नेटोचे, म्हणजे ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या यंत्राचे, सोळा चुंबक आहेत आणि कॉइलच्या कड्याशी त्यांची फट २५ ते ४० थाऊ हवी. क्रँक मागे सरकला की फट वाढते, वीज कमी पडते, आणि लोक कार्ब्युरेटर खोलून बसतात. झिजलेल्या कडेचा दोष असा दुसरीकडेच दिसतो. म्हणून क्रँकची सरक आधी मोजा.

ठिणगी देणाऱ्या चार लाकडी कॉइलमधला जुना कागदी कंडेन्सर बहुधा गळका झालेला असतो. डांबर सैल करून तो काढा, ०.४७ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर बसवा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. कॉइलचे पॉइंट (उघडझाप करणारे संपर्क) मात्र आवाजावरून लावू नका. चारही कॉइल सारख्या गुणगुणतात आणि तरी ठिणगीची वेळ वेगवेगळी असते. हाताने फिरवायच्या कॉइल टेस्टरवर प्रत्येकी सुमारे १.३ अँपिअर आला पाहिजे, आणि प्रत्येक फेऱ्याला सोळा एकेकट्या ठिणग्या, जोडठिणगी नाही.

चाकं लाकडी, मूळ आरे हिकरीचे. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, पुठ्ठे जाणणाऱ्या सुताराला सांधा लगेच समजतो, पण सागवान देऊ नका. साग बॉडीच्या सांगाड्याला उत्तम. आऱ्याला धक्का सोसणारं चिवट, सरळ रेषेचं लाकूड हवं. करकरणारं चाक पाण्यात भिजवून घट्ट होतं ते वाळेपर्यंतच. टायरवर ३० × ३½ लिहिलेलं असतं तेव्हा ३० हा बाहेरचा व्यास असतो. रिम त्यात २३ इंचांची. पुढच्या ३० × ३ला रिम २४ इंची. मापाचा हा हिशेब न करता मागवलेले टायर परत पाठवावे लागतात. हवा कमी ठेवली तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून फाटतो.

पेट्रोल आता इथेनॉलमिश्रित आहे. जुन्या कार्ब्युरेटरचा फ्लोट कॉर्कचा, त्यावर लाखेचा लेप. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. कॉर्क पेट्रोल पितो, बुडतो, सुई बंद होत नाही आणि पेट्रोल गरम इंजिनाशेजारी टपकत राहतं. पितळी किंवा इथेनॉल सोसणारा फ्लोट बसवा. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची तर टाकी रिकामी करा. पंप नसल्यामुळे पेट्रोल नुसत्या उताराने येतं. सीटखालच्या टाकीत थोडंच उरलं असेल तर तीव्र चढावर ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचत नाही.

पहिल्यांदा सुरू करताना तेलाची पातळी क्रँककेसच्या दोन तोट्यांच्या मध्ये आहे ना पाहा, हँडब्रेक पूर्ण ओढा आणि चाकांना लाकडी अडणी लावा. थंड तेलामुळे क्लच धरून राहतो आणि गाडी हँडल मारणाऱ्याच्या अंगावर पुढे येते. स्विच बंद ठेवून चोक ओढून दोन-तीन पाव फेरे द्या. मग स्पार्कचा दांडा पूर्ण रिटार्डला, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असा, नेऊन स्विच चालू. डावा हात, अंगठा बोटांच्याच बाजूला, आणि हँडल खालून वर ओढायचं. खाली दाबायचं नाही: इंजिन उलटं मारलं तर वर ओढणारा हात सुटतो, खाली दाबणारं मनगट मोडतं.