मातीचा दाणा

श्रोतेहो, नमस्कार. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना कॅट लिटर ठाऊकच असेल. मांजराच्या शी-शूसाठी ट्रेमध्ये पसरतात ती रवाळ वस्तू. ती बहुतेक वेळा खाणीतली मातीच असते.

१९४७ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यात एड लोव नावाच्या तरुणाकडे शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. थंडीने तिची वाळू गोठली होती. लोव यांच्या घरच्या धंद्यात मुलतानी मातीचे भाजलेले दाणे होते. कारखान्यात सांडलेलं तेल टिपायला ते विकले जात. त्यांनी तेच दिले, आणि तिला ते इतके आवडले की ती पुन्हा मागायला आली. मग पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरून लोव यांनी त्यावर ‘किटी लिटर’ असं लिहिलं. माती तीच होती, गिऱ्हाईक नवं मिळालं.

पुढे १९८०च्या दशकात ओलं झालं की गोळा बनणारं लिटर आलं. ते सोडियम बेंटोनाइटचं. या मातीचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे थरांचे असतात. थरांमध्ये पाणी शिरतं, माती फुगते आणि चिकटून घट्ट गोळा होतो.

आपल्या भागात चिकणमातीचा साठा सापडला आणि त्यातून असे दाणे बनवायचा धंदा करावासा वाटला, तर यंत्राची चौकशी नंतर करा. आधी माती ओळखा. १०० मिलिलिटरच्या मोजनळीत डिस्टिल्ड पाणी घ्या. वाळवून बारीक दळलेली २ ग्रॅम माती चिमूट-चिमूट सोडा. आधीची चिमूट तळाला बसली की पुढची. मग एक दिवस नळीला हात लावू नका. चांगलं सोडियम बेंटोनाइट फुगून २४ मिलिलिटरच्या खुणेपर्यंत, कधी त्याच्याही वर येतं. कॅल्शियम बेंटोनाइट बरंच कमी फुगतं, पण म्हणून ते टाकाऊ नव्हे. ओलसर असताना त्यात थोडा धुण्याचा सोडा मळून मुरू दिला, की त्याची फुगण्याची ताकद वाढते. आणि जी माती फुगत नाही पण ओल शोषते, तिचे तेल टिपायचे दाणे होऊ शकतात.

खरी कसोटी भट्टीपाशी आहे. माती कमी वाळली तर पिशवीत ढेकळं होतात. फार तापली तर थर कायमचे मिटतात आणि फुगणं संपतं. त्यानंतर दळण आणि चाळण. चाळणीखाली पडणारी भुकटी फेकून देऊ नये. विंधन विहिरी खोदताना लागणारा चिखल, ओतकामाच्या साच्यातली वाळू बांधणं, तळ्याचा तळ गळू न देणं, अशा कामांना बेंटोनाइटची भुकटीच लागते.

धुळीबद्दल मात्र मी हट्टाने बोलणार. मातीत गारगोटीचे बारीक कण असले, तर त्यांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात जाऊन कामगारांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होऊ शकतो, आणि तो बरा होत नाही. धूळ ओढून घेणारी यंत्रणा पहिल्या दिवसापासून हवी. ती नंतर बघू म्हणणाऱ्याने हा धंदा सुरूच करू नये.

राहिला वाहतुकीचा हिशोब. माल जड आणि स्वस्त. लांब नेला तर मातीपेक्षा भाडंच जास्त होतं. म्हणून गिऱ्हाईक आधी जवळपास शोधा, आणि खाणीचा खड्डा भरून वरची सुपीक माती पुन्हा पसरण्याचा खर्चही पिशवीच्या किमतीत धरा.

नमस्कार.