पावसाळ्यात उघडलेलं पोतं

[दृश्य: सत्तरीतलं कुळागर. पोफळींच्या मुळाशी पाचोळा उकरणाऱ्या कोंबड्या.]

गोव्यात वाळपईच्या पुढे, सत्तरी तालुक्यातल्या एका कुळागरात, म्हणजे पोफळी-केळींच्या बागेत, सकाळचे सात वाजलेत. खुराड्याची फळी निघाली आणि दहाच्या दहा कोंबड्या थेट केळीच्या बुंध्याशी पोचल्या. पडवीत ठेवलेल्या भरड्याकडे एकीनंही वळून पाहिलं नाही. पाचोळ्याखाली गांडुळं आहेत, वाळवी आहे, बाजूला कोवळं गवत आहे. असं ताट मांडलेलं असताना दुकानातल्या भरड्याला कोण विचारतंय?

अंडी देणारी कोंबडी बंदिस्त ठेवली, तर दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाद्य लागतं. कुळागरात मोकळी फिरणारी गावठी कोंबडी बरंचसं आपलं आपण मिळवते. तिला वरून 40-50 ग्रॅम घातलं तरी भागतं. म्हणजे या घरी रोज अर्धा किलो. आणि दुकानातलं पोतं असतं 50 किलोंचं. जूनच्या सुरुवातीला उघडलेलं हे पोतं 100 दिवस पुरणार, म्हणजे त्याचा तळ दिसेपर्यंत सप्टेंबर उजाडणार. गोव्यात वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. सत्तरीत तर सहसा त्याहून जास्त.

खाद्याची नासाडी म्हटली की सांडलेले दाणे डोळ्यांपुढे येतात. परसातल्या कोंबड्यांच्या बाबतीत मात्र मोठी नासाडी दुकानाच्या काउंटरवरच ठरून जाते. कोणतं पोतं घेतलं, आणि केवढं.

[दृश्य: मे अखेरचा बाजार. सुकी मासळी, सोलं, मिरच्यांचे ढीग.]

मे संपता संपता इथे पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, धावपळ असते. सुकं, सोलं, मिरच्या, तांदूळ, सगळं पावसाआधी घरात आलं पाहिजे. त्याच झपाट्यात कोंबड्यांचं पोतंही येतं. पण सोलं मिठात मुरवून उन्हात वाळवलेली असतात, म्हणून टिकतात. भरड्यात असतो दळलेला मका, पेंड, तांदळाचा कोंडा. दाण्याचं साल फुटलं की आतल्या तेलाला हवा लागते आणि ते खवट होऊ लागतं. जीवनसत्त्वंही हळूहळू उतरतात. पावसाळ्यात हे खाद्य तीन-चार आठवड्यांत संपेल एवढंच आणावं. छोटं पोतं मिळत नसेल, तर वाड्यावरच्या चार घरांनी मिळून एक पोतं घ्यावं आणि आणल्या दिवशीच वाटून टाकावं. पोत्याला शिवलेल्या चिठ्ठीवर खाद्य तयार केल्याची तारीख छापलेली असते; पैसे देण्याआधी ती वाचावी. दोन महिने दुकानात बसून आलेलं पोतं स्वस्तात मिळालं, तरी ते स्वस्त पडत नाही.

[दृश्य: खाद्याचं दुकान. एकावर एक रचलेली पोती.]

"काका, कोंबड्यांचं खाद्य द्या."

"कसलं? ब्रॉयलरचं घाल, झटकन वाढतात."

हा सल्ला ऐकून अनेक घरांत ब्रॉयलरचं खाद्य येतं. सहा आठवड्यांत कापायच्या पक्ष्यासाठी ते बनवलेलं असतं. त्यात ऊर्जा भरपूर, पण कॅल्शियम साधारण एक टक्का. अंड्यावरच्या कोंबडीला साडेतीन ते चार टक्के लागतं. ब्रॉयलरच्या खाद्यावर ती चरबी धरते आणि अंड्याचं कवच पातळ पडतं. पैसे पूर्ण गेले, आणि अंडं घरट्यातच फुटलं.

मग लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य, सगळ्यांनाच घालावं का? तेही नाही. पिल्लांना पहिले आठ आठवडे स्टार्टर लागतं, साधारण 20 टक्के प्रथिनांचं. त्यानंतर अंड्यावर येईपर्यंत ग्रोअर, 16 टक्क्यांच्या आसपास. लेअर खाद्यातलं कॅल्शियम पिल्लांच्या कोवळ्या मूत्रपिंडांना झेपत नाही. एकाच परसात खुडुकातून उठलेली कोंबडी, तिची पिल्लं, अजून अंड्यावर न आलेल्या तलंगा आणि एखादा म्हातारा कोंबडा असा सगळा कुटुंबकबिला असतो. प्रत्येकाचं पान वेगळं वाढणं कुणाला जमणार? यावर सोपी तोड अशी: पिल्लं जाळीच्या खुराड्यात आठ आठवड्यांची होईपर्यंत स्टार्टरवर ठेवायची, बाकी सगळ्यांना ग्रोअर, आणि कॅल्शियम वेगळ्या करवंटीत. ज्या कोंबडीला गरज, ती जाऊन टिपते. कोंबडा तिकडे फारसा फिरकत नाही.

[दृश्य: तिसऱ्यांच्या शिंपल्या उन्हात. वरवंट्यानं कुटताना हात.]

आणि ते कॅल्शियम गोव्यात विकत घ्यायचं म्हणजे थोडी चैनच झाली. तिसऱ्यांचं सुकं झालं की शिंपल्या उकिरड्यावर जातात. त्या धुऊन, उन्हात वाळवून, तांदळाच्या कणीएवढ्या जाडसर कुटायच्या. पूड करू नये. जाड तुकडा कोंबडीच्या पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटात, रात्रभर राहून हळूहळू विरघळतो, आणि कवच घडण्याचं बरंचसं काम रात्रीच चालतं. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. म्हणून ही करवंटी संध्याकाळी भरलेली असावी.

जातीप्रमाणेही निवड बदलते. गावठी कोंबडी वर्षाला 60 ते 80 अंडी देते, अधूनमधून खुडूक बसते, उरलेला वेळ रानात. तिच्यापुढे महागडं लेअर खाद्य ओतून अंडी दुप्पट होणार नाहीत. हैदराबादच्या संशोधन संस्थेनं तयार केलेली ग्रामप्रिया परसातही 150च्या वर अंडी देऊ शकते. ती मात्र नुसत्या तांदळावर ठेवली तर मागे पडते.

तांदळाचं तर विचारूच नका. मूठभर कणी फेकली की कोंबड्या धावत येतात, आपल्यालाही बरं वाटतं. म्हणून भरडा पुरवायला कोणी त्यात अर्धी कणी मिसळतं. तांदळात प्रथिनं सात-आठ टक्के, लेअर मॅशमध्ये सतरा. अर्धं-अर्धं मिसळलं की सरासरी बारावर येते, आणि कॅल्शियमही निम्मं होतं. कंपनीनं तोलून बनवलेलं खाद्य आपणच मोडून टाकलं. कणी द्यायची तर संध्याकाळी, खुराड्यात परत बोलावण्यापुरती मूठभर. घाण्यावरची खोबऱ्याची पेंड त्यापेक्षा चांगली, तिच्यात प्रथिनं विसेक टक्के. पण तिच्यात लायसीन हा प्रथिनांतला गरजेचा घटक कमी आणि तंतू जास्त, त्यामुळे एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्शापलीकडे जाऊ नये. मासळीची डोकी उकडून चालतात, तीही बेताची, नाहीतर अंड्याला वास येतो. उरलेलं खारं, म्हणजे खारवलेली मासळी, मात्र कोंबड्यांपुढे टाकू नये. त्यातलं मीठ त्यांना बाधतं, पिल्लं तर दगावतात.

[दृश्य: काठोकाठ भरलेली ताटली. कोंबडी चोचीनं भरडा उडवते आहे.]

आता सांडण्याकडे येऊ. कोंबडी खाते कमी आणि निवडते जास्त. चोच आडवी फिरवून ती मोठे कण शोधते, बारीक पीठ बाहेर उडतं. भांडं काठोकाठ भरलं तर जवळपास 30 टक्के खाद्य वाया जातं, निम्मं भरलं तर तीनेक टक्के, एक तृतीयांश भरलं तर एखादाच टक्का: कुक्कुटपालनाच्या पुस्तकांत हा हिशेब वर्षानुवर्षं दिलेला आहे. भांडं दोरीनं टांगावं आणि त्याचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर आणावा. काठ आतल्या बाजूला वळलेला असेल तर आणखी चांगलं. प्लंबरकडे उरलेल्या पीव्हीसी पाइपला कोपर जोडूनही बरं भांडं होतं. एवढं सगळं करून ते पागोळ्यांखाली टांगणारेही भेटतात.

तळाशी उरलेलं पीठ फेकू नका. खनिजं, जीवनसत्त्वं त्याच बारीक भुकटीत असतात. दिवसातून एकदा भांडं पूर्ण रिकामं होऊ द्यावं, म्हणजे निवडखोर कोंबड्याही ते खातात. नाहीच खाल्लं, तर पेजेच्या निवळीत कालवून द्यावं. ओला भरडा पावसाळी हवेत पटकन आंबतो, म्हणून अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवावा.

रात्री भांडं घरात घ्यावं. एक मोठा उंदीर दिवसाला 20-25 ग्रॅम धान्य खातो, म्हणजे मोकळ्या कोंबडीच्या निम्मा वाटा. शिवाय खातो त्याहून जास्त मुतून नासवतो, आणि पावसाळ्यात त्याच मुतातून लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) तापाची भीती. पोत्यापेक्षा झाकणाचा पत्र्याचा डबा बरा. तो फळीवर, भिंतीपासून हातभर लांब.

श्रावणात अनेक घरांत अंडं शिजत नाही, चतुर्थीपर्यंत टोपली भरत जाते. कोंबडीला श्रावण कळत नाही. तिचं खाद्य कमी करून पैसे वाचवायला गेलं तर नेमकी चतुर्थीनंतर, अंड्यांना मागणी आल्यावर, ती अंडी देणं थांबवते.

[दृश्य: डब्यातला भरडा मुठीत दाबून पाहणं. गोळा न होता सुटतो.]

डबा उघडला की आधी वास घ्यायचा. मग मूठभर भरडा दाबायचा. हात उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल शिरली आहे. कुबट वास, हिरवट-निळसर ठिपके किंवा जाळं धरलेले गोळे दिसले, तर तो भरडा गेला. मक्यावर आणि शेंगदाण्याच्या पेंडीवर येणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, ते यकृतावर उठतं. उन्हात घालून, भाजून किंवा चांगल्या भरड्यात मिसळून ते जात नाही; बुरशी मेली तरी विष मागे राहतं. बदकं पाळली असतील तर त्यांना ते कोंबड्यांहूनही लवकर बाधतं. असा भरडा गुरांनाही घालू नये, खतखड्ड्यात नुसता ओतूही नये, कारण कोंबड्या तिथे उकरणारच. हातभर खोल खड्डा, वर माती, आणि मातीवर एक जड चिरा.