रीडायल

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, घड्याळं दुरुस्त करतो. म्हणजे आज घड्याळावर बोलेन असं तुम्हाला वाटत असेल, तर थोडं घड्याळावर बोलतोच, पण खरं सांगायचंय ते माझं अकाऊंट कसं चोरीला गेलं ते. सुरुवातीला सांगायची लाज वाटायची, आता गिऱ्हाईकच विचारतात, मामा ते काय झालं होतं हो, मग सांगून टाकतो.

एचएमटीची चावीची घड्याळं आठवतात का, जनता, पायलट, जवान? आपल्याकडं लोकांनी ती कपाटात टाकली आणि विसरले. परदेशात मात्र त्यांना हौशी गिऱ्हाईक आहे. मी ती जुनी घ्यायचो, खोलून साफ करायचो, ऑइलिंग करायचो आणि एका परदेशी लिलावाच्या साइटवर टाकायचो. साइटचं नाव घेत नाही, तिची काय चूक नव्हती. पाच-सहा वर्षांत ३०० वर लोकांनी चांगला फीडबॅक दिला होता.

आता हा फीडबॅक म्हणजे काय ते जरा बघा. आपल्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा खरेदीदार पोत्यातनं हळकुंड काढतो, मोडून आतला रंग बघतो, आणि अडत्या समोरच उभा असतो, त्याच्या बापाशी पण आपला व्यवहार झालेला असतो. कॉम्प्युटरवर माल हातात नाही आणि माणूस पण समोर नाही. ईबे ही लिलावाची साइट १९९५ साली अमेरिकेत पिअर ओमिड्यार यांनी सुरू केली, त्यावर विकलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडकं लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला गेलं, मोडकं आहे हे माहीत असून घेणाऱ्यानं घेतलं. पण अनोळखी माणसावर रोज भरवसा ठेवायचा कसा, म्हणून लोकांनी एकमेकांबद्दल चांगलं-वाईट लिहायची सोय पुढच्या वर्षी काढली. तीच तिथली पत. चोराला पाहिजे असते ती ही पत, हे मला फार उशिरा कळलं. मी म्हणायचो माझ्या अकाऊंटात आहेत किती पैसे, चोरून चोरणार काय.

मेल रात्री साडेदहाला आला. जेवण झालेलं, डोळे जड. कुणीतरी लिहिलं होतं की पैसे भरून तीन आठवडे झाले, घड्याळ अजून आलं नाही, तुम्ही फसवता, मी तक्रार करतोय. खाली पिवळं बटण, उत्तर द्या. आता तुम्हीच सांगा, ३०० जणांनी चांगलं म्हटलंय आणि एक जण फसवता म्हणतो, तर माणूस शांत बसेल का? मी भडकलो. कुठलं घड्याळ, कुणाचं, काही बघितलं नाही, बटण दाबलं. साइटचं पान उघडलं, तेच रंग, तीच चिन्हं, लॉगिन मागितलं. पासवर्ड टाकला. चुकला म्हणाला. परत टाकला. मग खरंच साइट उघडली, पण तो मेसेज कुठंच नाही. म्हटलं असेल काहीतरी गडबड, आणि झोपलो.

सकाळी दुकानात चहा घेत मोबाईल बघतो तर माझ्या नावावर चाळीसेक लॅपटॉप विकायला! मी आयुष्यात लॅपटॉप विकला नाही. पासवर्ड बदललेला, आणि मेलचा पासवर्ड पण मी तोच ठेवला होता, त्यामुळं मेल पण गेला. लॅपटॉप अर्ध्या किमतीत, आणि पैसे साइटवरनं नको, परस्पर वायरनं, म्हणजे थेट बँकेतनं पाठवा. का, तर साइटवरनं दिलेले पैसे तक्रार केली की परत मिळायची सोय असते, वायरनं गेले की गेलेच. आणि लोकांनी पाठवले, कारण ३०० जणांनी हा माणूस चांगला म्हटलेलं.

मला जास्त लागलं ते वेगळंच. आमच्या धंद्यात रीडायल म्हणतात, जुन्या खराब डायलवर नवा रंग मारून नवीन अक्षरं छापायची आणि अस्सल म्हणून खपवायचं. ते मी भिंग न लावता हातभर लांबनं ओळखतो, अक्षर जरा जाड असतं, काट्याखाली रंग पसरलेला असतो. आणि ते पान म्हणजे रीडायलच होतं की! वरचा पत्ता मी बघितलाच नाही. नंतर पोरानं मला दाखवलं, पत्त्यात सुरुवातीचं https:// सोडून जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या आधीचा शेवटचा तुकडा, डॉट कॉम वगैरेसकट, बघायचा, तेच त्याचं आडनाव. आधी कितीही मोठं नाव लावू दे, पुढं साइटचं नाव असू दे, लॉगिन असू दे, सिक्युअर असू दे, घर कुठलं ते आडनावावरनंच कळतं. तिथं भलतंच काहीतरी होतं.

दुसरा एक प्रकार आहे तो पण ऐका. लिलावात तुमची बोली दुसऱ्या नंबरला राहिली, मग मेल येतो, जिंकणाऱ्यानं माघार घेतली, वस्तू तुम्हाला देतो. ही सोय खऱ्या साइटवर पण असते, म्हणूनच फसायला होतं. पूर्वी बोली लावणाऱ्यांची नावं सगळ्यांना दिसायची, चोर दुसऱ्या नंबरवाल्यालाच गाठायचे, म्हणून पुढं नावं अर्धवट झाकायला लागले. खरी ऑफर असेल तर ती साइटच्या आतल्या मेसेजमध्ये पण दिसते.

आणि नेहमी गिऱ्हाईकच चुकतं असं पण नाही बरं का. २०१४ मध्ये चोरांनी ईबेच्याच काही कर्मचाऱ्यांचे लॉगिन पळवले आणि मे महिन्यात कंपनीला सगळ्यांना सांगावं लागलं, पासवर्ड बदला. एवढी मोठी कंपनी, तिथं माझ्यासारख्याची काय कथा.

माझं अकाऊंट नऊ दिवसांनी परत मिळालं. आता मेलचा पासवर्ड वेगळा, साइटचा वेगळा, लॉगिनला मोबाईलवर कोड येतो, आणि तो कोड मी बायकोला पण सांगत नाही, ती विचारत पण नाही म्हणा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, जेवढा उशीर तेवढे पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

परवा परत तसलाच मेल आला, घड्याळ मिळालं नाही, तक्रार करतो. बटणाला हात लावला नाही. साइटचा पत्ता स्वतः टाईप केला, आतला मेसेज बॉक्स उघडला. तक्रार नव्हती. एक मेसेज होता मात्र, कुणीतरी विचारलेलं, पायलटबरोबर पट्टा येतो का. येतो म्हणून कळवलं, काळा आहे, चामड्याचा, पण भोकं जरा सैल झालीत.